बेकरीत काम करणाऱ्या भावाचा दमा: नोकरी सोडण्याआधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा असून गेली बारा वर्षे भायखळ्याच्या एका बेकरीत पीठ मळण्याच्या मिक्सरवर काम करतो. लहानपणी त्याला दमा नव्हता. दोन वर्षांपूर्वी शिंका आणि नाक गळणे सुरू झाले, पुढे खोकला लागला, आणि आता पहाटे छातीत सुंई-सुंई वाजू लागले की तो उठून बसतो.

बराच काळ आम्ही भट्टीच्या धुराला दोष देत होतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्याचा आदेश दिल्यानंतर तिथे गॅस आला आणि धूर गेला. खोकला मात्र तसाच राहिला. एकदा डबा द्यायला गेले, तेव्हा तो मैद्याचे पोते मिक्सरमध्ये रिकामे करत होता आणि त्याच्या पापण्यांवरसुद्धा पांढरा थर बसला होता. गणपतीत आठ दिवस गावी असताना त्याला एकदाही पंप लागला नाही, पण कामावर परतल्यावर दुसऱ्याच रात्री धाप लागली.

सुट्टी संपताच केलेली पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेची फुंकून करायची तपासणी) नॉर्मल आली. आता छातीच्या डॉक्टरांनी पीक फ्लो मीटरवर (श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो हे मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर) दिवसातून किमान चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायला सांगितले आहे, आणि ही नोंद कामाच्या व सुट्टीच्या अशा दोन्ही दिवसांची चार आठवडे हवी आहे. त्याला आठवड्याला एकच सुट्टी मिळते. तेवढ्यावर फरक दिसेल का, की सलग रजा घ्यावी? मैदा आणि त्यात मिसळल्या जाणाऱ्या एन्झाइमची ॲलर्जी तपासणारी रक्तचाचणी मुंबईत कोणी करून घेतली आहे का?

नोकरी सोडल्यावर निदान अवघड होते, म्हणून तो अजून कामावर जातो. पण रोज तोच मैदा श्वासात जातो, ही धास्ती मला झोपू देत नाही. मालक पॅकिंगला बदली द्यायला तयार आहेत, मात्र ती जागा त्याच हॉलमध्ये आहे. त्याच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होते, आणि कामामुळे होणारा दमा कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. कोणी असा दावा केला असल्यास कोणती कागदपत्रे लागली आणि सुरुवात दवाखान्यातून केली की शाखा कार्यालयातून, हे कृपया सविस्तर लिहावे.