पारोळ्यातील रहस्यपटाचे चित्रीकरण: खात्रीची बातमी कुठे मिळेल?

पारोळेकर: नोकरीनिमित्त पुण्यात असल्याने, आमच्या गावात एका खुनाच्या रहस्यपटाचे चित्रीकरण चालू असल्याच्या बातम्या मी जळगावच्या वृत्तपत्रांतूनच वाचतो. भुईकोट किल्ल्यातही चित्रीकरण होईल का?

गिरणाकाठ: किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने तेथे त्यांची परवानगी लागते, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या छायाचित्रांपेक्षा ती परवानगी मिळाल्याची बातमी शोधावी.

भुसावळकर: शिवाय राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी गोरेगाव चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे. आपल्याकडे मात्र (हे खास खानदेशी!) परवानगीआधीच खुनी कोण हे टपरीवर ठरते, तेवढे ऐकू नका.

पारोळेकर: आभारी आहे. धाकट्या भावाने ते कालच फोनवर सांगून टाकले.