पुणे एफसीचा २०१२-१३ चा संघ आपण विसरलो, हे बरोबर नाही

आर्वीकर
महाराष्ट्रातल्या चांगल्या फुटबॉल संघांची चर्चा निघाली की महिंद्रा युनायटेड आणि मुंबई सिटी ही दोनच नावं येतात. दोघांनी विजेतेपदं मिळवली, त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. पण २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, पुणे एफसी दुसरा आला होता. चर्चिल ब्रदर्स ५५ गुण, पुणे ५२. सव्वीस सामन्यांच्या लीगमध्ये फक्त एका विजयाचं अंतर!

आय-लीगच्या पहिल्या सहाही मोसमांत चषक गोव्यातच गेला. डेम्पो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. २००७ साली शून्यातून उभा राहिलेला क्लब त्या गोव्याला शेवटपर्यंत भिडला. २००९-१० मध्ये वरच्या लीगमध्ये पहिल्यांदा आला आणि तिसरा आला. त्यामुळे २०१३ चा दुसरा क्रमांक नशिबाचा खेळ नव्हता. प्रशिक्षक डेरिक परेरा, म्हणजे महिंद्राला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून देणारेच. माझ्या मते हा आपल्या राज्याचा सर्वांत दुर्लक्षित संघ आहे.

वणीचा स्टॉपर
दुसरा आलेला संघ चांगला असतो, थोर नसतो. त्या मोसमाचं एक तुम्ही सांगितलंच नाही. ९ डिसेंबर २०१२ ला ईस्ट बंगालविरुद्धच्या कोलकाता डर्बीत मोहन बागान उत्तरार्धाला मैदानात उतरलंच नाही. आधी बंदी आली, ती उठली तेव्हा तोवरचे सगळे गुण गेले होते. एक मोठा दावेदार अर्ध्या मोसमातच शर्यतीबाहेर. अशा वर्षी दुसरा क्रमांक थोडा सोपाच होतो.

आर्वीकर
बागान गेलं, पण ईस्ट बंगाल होतं ना. ते पुण्याच्या मागे राहिले. आणि त्याच ईस्ट बंगालने २०१३ मध्ये एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. आशियात एवढी मजल मारणाऱ्या संघाला लीगमध्ये मागे टाकणं सोपं कसं म्हणता?

वणीचा स्टॉपर
त्या वसंतात ईस्ट बंगाल दोन स्पर्धा एकाच वेळी खेळत होतं. आज इथे लीग, चार दिवसांनी परदेशात सामना. पाय थकतात. पुण्याला फक्त लीग होती. हा फरक मोजायलाच लागेल.

कामठी दहा नंबर
काय सांगून रायले भाऊ! पाय थकले म्हणून गुण कोणी देत नाही. आमच्या कामठीत रब्बानी क्लबचं नाव लहान पोराले बी माहीत, फुटबॉल आमच्या रक्तात हाय. आमी त्या टीममध्ये पायलं ते असं: अनस एडथोडिका मागं उभा, आराता इझुमी मधात, जेजे अन् मोगा समोर. इझुमीनं तर जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं अन् २०१३ मध्ये भारताकडून खेळला. अनसले भारताची जर्सी मिळायले २०१७ उजाडलं. त्याले तेव्हाच कोणी नीट पायलं असतं तर? मले याचाच राग येते. टीमकडं कोणी पायलंच नाही, म्हणून खेळाडूईकडं बी नाही पायलं.

पुसद लेफ्ट विंग
बरेच जण एफसी पुणे सिटीशी गल्लत करतात. तो आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, वेगळा संघ. २०१७-१८ ला उपांत्य फेरीत बेंगळुरूकडून हरला आणि २०१९ मध्ये संपला. पुणे एफसी त्याआधीच, २०१५ मध्ये बंद झाला. अकादमी तेवढी पुणे सिटीकडे गेली. आशिक कुरुनियन त्याच अकादमीतला.

वणीचा स्टॉपर
अकादमीबद्दल माझं काही म्हणणं नाही, १९ वर्षांखालील आय-लीग तिने एकापेक्षा जास्त वेळा जिंकली. माझा प्रश्न मोठ्या संघाचा आहे. मोगा लगेच ईस्ट बंगालला गेला, जेजे डेम्पोला. पुढच्या वर्षी एएफसी कप खेळायचा होता आणि पुढची फळीच रिकामी. २०१४ मध्ये ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात साळगावकरकडून ०-१ हार. मोठा संघ असे सामने काढतो.

आर्वीकर
खेळाडू गेले हे खरं. कोलकाता आणि गोवा जास्त पैसे, जास्त प्रेक्षक देत होते, आणि पुण्याच्या बालेवाडी स्टेडियममध्ये खुर्च्या रिकाम्या असायच्या. मग ज्या संघाला स्वतःच्या राज्यानेच पाठबळ दिलं नाही, तो ५२ गुणांपर्यंत पोहोचला हे जास्त मोठं की कमी? ड्युरँडच्या अंतिम फेरीचंही तेच. त्या काळात महाराष्ट्राचे किती क्लब तिथवर गेले?

कामठी दहा नंबर
हाव, अन् २०१० मध्ये महिंद्रा बंद, २०१५ मध्ये पुणे बंद. चषक आला तरी बंद, नाही आला तरी बंद. मंग आमच्या पोराईनं कोणत्या क्लबकडं पाहून खेळाचं? तालुक्याच्या स्पर्धेत मेस्सीच्या जर्सीत दहा पोरं दिसतात, आपल्या क्लबच्या जर्सीत एकबी नाही.

वणीचा स्टॉपर
क्लब बंद पडले याचं दुःख मलाही आहे, पण त्यामुळे संघ मोठा ठरत नाही. त्या वर्षी चर्चिल सरस होतं आणि शेवटच्या टप्प्यात त्यांच्याकडे सुनील छेत्री होता. दुसऱ्या क्रमांकाचा मान पुण्याला जरूर द्या. महिंद्राच्या ओळीत मात्र मी बसवणार नाही.

आर्वीकर
मी बसवणार. महिंद्राकडे अनेक दशकांची परंपरा होती. पुण्याने सहा वर्षांत जे उभं केलं, ते महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी तेवढ्या वेळात करून दाखवलं असेल तर नाव सांगा, मी ऐकतो.