मदत हवी आहे : क्लिफर्ड सिमॅक यांच्या कथांचे मराठी अनुवाद
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागात १९०४ साली जन्मलेले आणि पुढे मिनिआपोलिसच्या वृत्तपत्रात अनेक वर्षे नोकरी केलेले विज्ञानकथाकार क्लिफर्ड सिमॅक मी सध्या वाचत आहे. ‘वे स्टेशन’ (१९६३) या कादंबरीत जुन्या शेतघरात एकटा राहणारा, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला सैनिक परग्रहावरील पाहुण्याला कॉफी पाजतो, तेव्हा शेजारचे कोणी ओसरीवर येऊन टेकले आहे असेच वाटते. (या कादंबरीला मिळालेला, विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार माझ्या मते रास्तच होता.) सिमॅक यांच्या कथांचा मराठी अनुवाद पुस्तकात किंवा एखाद्या दिवाळी अंकात कोणी वाचला असल्यास अनुवादकाचे नाव व वर्ष कृपया कळवावे. शिवाय, त्यांच्याच ‘सिटी’ या पुस्तकातील बोलणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडी प्रमाण मराठी शोभेल की बोली, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.