टर्बो सीमधलं दूधबिल: पडद्यावर दिसतं ते फाईलमध्ये येत नाही, सल्ला हवा

शिवार_२२:
गावच्या डेअरीचा बिलाचा प्रोग्रॅम टर्बो सी++ ३.० या डॉसच्या जुन्या कंपायलरमधला आहे. ६४ बिट विंडोजवर तो थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवतो. छापण्यासाठी आउटपुट '>' देऊन फाईलमध्ये घेतलं, तर शीर्षकं गायब, नुसते आकडे उतरतात. पडद्यावर शीर्षकाची प्रत्येक ओळ आणखी उजवीकडे सरकते. १२ लिटर, दर ३४०० पैसे, म्हणजे ४०८०० हवेत, येतात -२४७३६. रक्कम लाँग (मोठा पूर्णांक) केली तरी तेच, उलट शेजारच्या फॅटच्या रकान्यात -१ यायला लागलं. सभासदांचे पैसे आहेत हो, काय तपासू?

कोडकरी:
शीर्षकं रंगीत असतील तर ती सीप्रिंटएफ या पडद्यावर रंगीत छापणाऱ्या फंक्शनने छापलेली असणार. डायरेक्टव्हिडिओ हे व्हेरिएबल शून्य करून बघा.

जुनी_फ्लॉपी:
त्याने फाईलचं काम होणार नाही. सीप्रिंटएफ थेट व्हिडिओ मेमरीत लिहितं. डायरेक्टव्हिडिओ शून्य केलं की बायोसमार्फत लिहितं, एवढाच फरक. '>' फक्त डॉसच्या स्टँडर्ड आउटपुटला लागू होतं, त्यामुळे तिथे लिहिणाऱ्या प्रिंटएफचे आकडे तेवढे सापडतात. ओळी सरकतात कारण सीप्रिंटएफ बॅकस्लॅश-एनला (नव्या ओळीची खूण) फक्त खाली उतरतं, डावीकडे परत येत नाही. तिथे बॅकस्लॅश-आर (ओळीच्या सुरुवातीला नेणारी खूण) आणि बॅकस्लॅश-एन द्या.

माझा सल्ला: ओळ आधी एसप्रिंटएफने बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) तयार करा. मग तीच सीपुट्सने पडद्यावर आणि एफप्रिंटएफने फाईलमध्ये. फाईलला मात्र नुसतं बॅकस्लॅश-एन. टेक्स्ट मोडमध्ये बॅकस्लॅश-आर आपोआप लागतं.

आकड्यांचं महत्त्वाचं. इथे इंट (साधा पूर्णांक) १६ बिटांचा, कमाल ३२७६७. तुमचं -१ नीट बघा. पर्सेंट-डी (इंट छापायची खूण) लाँगचा खालचा अर्धाच भाग छापतं, वरचा अर्धा पुढच्या रकान्यात जातो. गुणाकार बरोबर असता तर तिथे ० आलं असतं. -१ आलं, म्हणजे लिटर आणि दर दोन्ही इंट आहेत आणि गुणाकार तिथेच बिघडून मग लाँगमध्ये गेलाय. म्हणून रक्कम = (लाँग) लिटर * दर असं लिहा, आणि छापताना पर्सेंट-एलडी (लाँग छापायची खूण). दोन्ही बदल लागतील.

शिवार_२२:
दोन्ही केले. ४०८०० आले, फॅटही जागेवर. सर, मनापासून आभार. महिन्याची बेरीज करणारं व्हेरिएबलही इंटच आहे, तेही लाँग करू ना?

जुनी_फ्लॉपी:
हो, आजच. आणि मागच्या महिन्यांत ज्या बिलाची रक्कम ३२७६७ पैशांच्या, म्हणजे सव्वातीनशे रुपयांच्या वर जायला हवी होती, ती सगळी वहीशी ताडून घ्या. रक्कम ६५५३६ च्या पुढे गेली की आकडा उणे न दिसता नुसता कमी दिसू शकतो, तो चटकन लक्षात येत नाही.