इन्सुलिनोमा यकृतात पसरलाय, रात्रीची साखर टिकत नाही

माणगावची सून:
सासरे, वय ६४, माणगाव (ता. कुडाळ). गेल्या वर्षी सुपारीच्या बागेत पाटाजवळ उभे होते, पाणी पायावरून वाहत होतं आणि मी कोण तेच त्यांना कळेना. आधी 'बाहेरचं' झालं, मग आठ महिने फिटच्या गोळ्या. डायबेटीस नाही म्हणून साखर कुणी बघितलीच नाही! मुंबईत निदान झालं: इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ, यकृतातही गाठी.

रोज रात्री ३ चा गजर लावते. काल ४१ होती. गूळ-पेज दिली, दोन तासांत परत ५०. ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन दहा दिवसांपूर्वी दिलं, तेव्हापासून जास्तच पडते. की मलाच तसं वाटतंय?

रत्नांग्रीकर:
वाटत नाही, असं होतं. उद्याच डॉक्टरांना फोन करा. ते औषध इन्सुलिन दाबतं तसं साखर वर काढणारं ग्लुकागॉनही दाबतं. काही गाठी त्याला दाद देत नाहीत, मग नुसतं ग्लुकागॉनच दबतं. माझ्या बायकोलाही हाच आजार, तिला आधी याच औषधाचं थोड्या तासांचं इंजेक्शन वॉर्डात देऊन बघितलं होतं.

डायझॉक्साइड या इन्सुलिन रोखणाऱ्या औषधाने तिचे पाय सुजले, हनुवटीवर लव आली. एव्हरोलिमस हे गाठींवरचं औषध साखर चढवतं, इतरांना तो त्रास, आम्हाला तेच हवं होतं! पण तोंड आलं, महिनाभर आमटीला तिखट नाही. मग गॅलियमच्या स्कॅनमध्ये गाठी उजळल्या म्हणून परळला ल्युटेशियम (त्याच गाठींना चिकटून आतून किरणोत्सर्ग देणारं औषध), साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने ४ डोस. तुतारी एक्सप्रेसने दादर आणि पुढे टॅक्सी. मळमळ झाली ती किडनीसाठी लावतात त्या अमिनो अ‍ॅसिडच्या सलाईनने. गाठी गेल्या नाहीत, पण ३ चा गजर बंद झाला.

सिस्टर_मालवण:
साखर पडली की आधी ग्लुकोज पावडर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा, वर आली की पेज. नुसता गूळ भर्रकन चढतो नि उतरतो. झोपताना कच्चं कॉर्नफ्लोर देतात, हळूहळू पचतं. किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

माणगावची सून:
फोन केला, सोमवारी अ‍ॅडमिट करतायत. कॉर्नफ्लोरला हो म्हणालेत. सासरे विचारतात, "सोलकढीत घातला तर चलात काय?"

सिस्टर_मालवण:
नको. आंबटात नि गरमात त्याचा गुण जातो. गार दुधातच द्या.