अर्धा तास तुझा, अर्धा तास माझा

परकी भाषा ती जन्मापासून बोलणाऱ्या माणसाकडूनच शिकायची आणि बदल्यात त्याला आपली द्यायची. फी नाही, परीक्षा नाही. युरोपात याला 'टँडम' म्हणतात, दोघांनी मिळून दामटायच्या सायकलीवरून. 1960च्या दशकाच्या शेवटी जर्मन आणि फ्रेंच तरुणांना एकत्र बसवून भाषा शिकवताना ही पद्धत रुळली. आता एक फोन पुरतो. कोणी असं शिकलं असेल, किंवा शिकता शिकता कंटाळून सोडलं असेल, तर लिहा. फसलेले किस्सेही हवेत. सुरुवात मी करते.

माझी जर्मन. समोर एक निवृत्त बाई, त्यांची सून मराठी. दर मंगळवारी एक तास, मध्ये गजर वाजला की भाषा बदलायची. पहिले दोन महिने मला वाटायचं, माझा अर्धा तास म्हणजे शिकणं आणि त्यांचा अर्धा तास म्हणजे त्याचं भाडं. मग एकदा फोन संपवताना त्या म्हणाल्या, "आम्ही मंगळवारी बोलू." मी सहज विचारलं, "कोणाशी?" त्या गोंधळल्या. "तुझ्याशी!" मग 'आपण' आणि 'आम्ही' समजावण्यात दहा मिनिटं गेली. जर्मनमध्ये दोन्हीला एकच 'विअर'. पुढच्या वेळी प्रश्न आला, 'चाक' आणि 'चाकू' यांतले च वेगळे का? मी ठामपणे सांगितलं, एकच आहेत. "परत म्हण." म्हटलं. खरंच वेगळे! इतकी वर्षं बोलतेय आणि कधी कानाला लागलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी "असंच म्हणतात" असं उत्तर दिलं की मला राग येईनासा झाला. मुलगी नपुंसकलिंगी का, 'दास मेडशन' का, यावर मी आधी वाद घातला होता. शेवटचं 'शन' म्हणजे लहानपण दाखवणारा प्रत्यय, आणि तो लागला की शब्द नपुंसक होतो, एवढंच त्यांना सांगता आलं. मग माझ्या डोक्यात लेकरू, कोकरू, वासरू, पाखरू अशी रांगच लागली. आपल्याकडेही बारकं ते 'ते'च की.

*

माझं जपानी. सहा महिने पुस्तक घोकून मग बोलायला बसलो. पहिल्याच आठवड्यात मी लांबलचक वाक्यं जुळवून विचारलं की वार बदलूया का. ते प्रत्येक तुकड्यानंतर "हाय, हाय" म्हणत होते. पुस्तकात 'हाय' म्हणजे 'हो'. पुढच्या आठवड्यात मी ठरलेल्या (माझ्या मते ठरलेल्या!) दिवशी एकटाच स्क्रीनसमोर. ते 'हो' नव्हतंच, तो हुंकार होता. त्यांच्याकडे त्याला 'आइझुची' असा खास शब्द आहे. उलट मी सभ्यपणे गप्प राहून ऐकायचो, तर ते दर वाक्याला थांबून "मोशी मोशी?" करायचे. त्यांना वाटायचं, लाइन तुटली. गोष्ट सांगताना कोणी हुंकार दिला नाही की आपणही अडतो, पण हे मला सुचायला महिना लागला.

दुसरं म्हणजे, जपानी शिकायला मी इंग्रजी पुस्तक घेतलं होतं, ती चूक. 'शिते मिरु' या रचनेवर त्यात पानभर स्पष्टीकरण होतं. 'शिते' म्हणजे करून, 'मिरु' म्हणजे बघणं. करून बघणं! संपलं. क्रियापद शेवटी, 'वर', 'पासून', 'पर्यंत' नामाच्या मागे, सगळं आपल्यासारखं. पुस्तक मिटलं आणि मनात मराठीतून जुळवायला लागलो तेव्हा बोलणं जरा सुटलं.

*

वरच्या दोघांना जोडीदार बरे मिळाले. मी स्पॅनिशसाठी शोधत होते आणि 'मराठी शिकवीन' असं लिहिलं होतं. दोन महिन्यांत एकच निरोप: "इंग्रजी येतं का?" शेवटी इंग्रजीच देऊ केलं. त्यात गोम अशी की त्याचं इंग्रजी माझ्या स्पॅनिशपेक्षा कितीतरी चांगलं. पाणी उताराकडेच जाणार. कुठे अडलं की दोघं इंग्रजीत. तीन महिन्यांनी माझं इंग्रजी सुधारलं होतं. गजर लावायचं मग आम्हीही सुरू केलं, आणि माझ्या अर्ध्या तासात इंग्रजी शब्द आला की त्याने ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. निर्दय वाटतं, पण त्यानेच काम झालं.

एकदा मला म्हणायचं होतं, आज कंटाळा आलाय. म्हणाले, "सोय आबुरिदा." तो क्षणभर थांबला आणि फार समजूतदारपणे म्हणाला, "नाही गं, तसं काही नाही." मी त्याला सांगितलं होतं की मी रटाळ बाई आहे. कंटाळा आला असेल तर 'एस्तोय'. हा फरक आता मरेपर्यंत विसरणार नाही. 'मे गुस्ता' मात्र फुकटात मिळालं. मला आवडतं. अनेकवचनी 'मे गुस्तान', मला आवडतात. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं म्हणे.

*

माझा फसलेला. वर्णमाला आणि शंभरेक शब्द एवढ्या भांडवलावर गेलो. ओळख झाली, हवापाणी झालं, घरातली माणसं मोजून झाली. चौदा मिनिटं. उरलेला वेळ दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. भूतकाळ येत नसेल तर बसू नये, कारण गप्पा म्हणजे बहुतेक झालेल्याच गोष्टी असतात.

*

फक्त बायकांसाठी एक: भाषेपेक्षा फोटोत रस असलेले बरेच भेटतात. मी पहिले काही आठवडे कॅमेरा बंदच ठेवते. ज्याला खरंच शिकायचं असतं तो कुरकुर करत नाही.

*

फ्रेंच, तीन वर्षं. माझी तक्रार उलटी आहे, जोडीदारीण फार भली होती. आठ महिने तिने एकही चूक काढली नाही. मग एका तिऱ्हाइताने सांगितलं की मी 'वर' म्हणताना 'खाली' म्हणते. दोन शब्दांत फरक एका स्वराचा, आणि तो स्वर आपल्याकडे नाहीच. ओठांचा चंबू 'ऊ'चा करायचा आणि जीभ मात्र 'ई'लाच ठेवायची. मी आरशासमोर 'ईईई' धरून ठेवायचे आणि हळूहळू नुसते ओठ पुढे आणायचे. जीभ पहिले पंधरा दिवस ओठांच्या मागोमाग पळायची.

मी तिला जाब विचारला तर म्हणाली, तू इतकी रंगात येऊन बोलतेस, तोडवत नाही. मग तोड निघाली. मी बोलत असताना तिने चॅटमध्ये फक्त तीन चुका टाइप करायच्या, जास्त नाही, आणि त्या मी शेवटी वाचायच्या. वीस चुका काढल्या तर माणूस गप्प होतो. त्याच दिवशी तिने विचारलं, आता 'तू' म्हणूया का? आठ महिने आम्ही 'वू', म्हणजे अहो-जाहो, करत होतो. चूक काढायला ते 'वू'च आडवं येत होतं, असा माझा आपला संशय.

*

पुन्हा मीच, जर्मनवाली. तीन चुकांची पद्धत उचलते आहे. आणखी एक टीप, युरोपातला जोडीदार असेल तर: मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. दोन्ही वेळा आमची चुकामूक झाली. पहिल्यांदा मी रुसले, दुसऱ्यांदा त्या.

बाकी आमचं चालू आहे. परवा तास संपला, मी म्हटलं, "चला, ठेवते आता." तर त्या कॅमेऱ्याजवळ वाकून माझ्या टेबलाकडे बघायला लागल्या. "काय ठेवतेस? कुठे?"