मदत हवी आहे: घरातली परीबाग सहा आठवड्यांत कोमेजली, पुन्हा कशी उभी करू?

नमस्कार मंडळी,

माझ्या सात वर्षांच्या लेकीसाठी मी घरात फेअरी गार्डन केलं, म्हणजे परीसाठी वाडग्यात मांडलेली इवली बाग. आमच्याकडे त्याचं नाव परीबाग. रोज झोपण्याआधी ती एक चिठ्ठी लिहून त्या इवल्या घराच्या दाराखाली सरकवते. परवा तिने विचारलं, "आई, झाडं मेली तर परी दुसरीकडे राहायला जाईल का?" तेव्हापासून मला चैन नाही. जाणकारांनी कृपया सांगा, कुठे चुकलं आणि आता काय वाचवता येईल?

कसं केलं ते सविस्तर लिहिते. काचेचा उघडा वाडगा, साधारण 30 सेंमी रुंद आणि 12 सेंमी खोल, तळाला भोक नाही. खाली तीन बोटं खडे, त्यावर बागेतली माती आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. मोठ्या झाडाच्या जागी जेड या जाड पानांच्या रोपाची फांदी, तिच्या पायाशी दोन एचेवेरिया (जाड पानांची फुलासारखी दिसणारी रोपं), घराच्या मागे दोन फिटोनिया (ठळक शिरांच्या पानांची बुटकी रोपं). मोकळ्या जागेत बाहेरच्या ओल्या भिंतीवरून खरवडून आणलेलं मॉस. पायवाट पांढऱ्या संगमरवरी खड्यांची. घर आइस्क्रीमच्या काड्यांचं, डिंकाने चिकटवलेलं, रंग न दिलेलं. खिडकीपासून दोनेक मीटरवर पुस्तकांच्या कपाटावर ठेवलंय. माती वरून लवकर सुकते म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारत होते.

आता जेडची पानं पिवळी पडून गळताहेत, एचेवेरियाची खालची पानं पाणीदार झालीत, मॉस तपकिरी पडलंय. घराच्या पायाला कापसासारखी पांढरी बुरशी आहे आणि वाडगा हलवला की बारीक काळी चिलटं उडतात. फिटोनिया मात्र तग धरून आहेत. सगळं फेकून नव्याने करावं का?

ओलीमाती

ताई, फेकू नका. आधी दोन गोष्टी बघून सांगा. जेडचं खोड मातीलगत दाबून पाहा, मऊ लागतं का? आणि काचेतून खड्यांकडे नीट बघा, पाणी कुठपर्यंत आहे?

धागाकर्ती (वरचा प्रश्न विचारणारी)

खोड खाली मऊ आहे, वर घट्ट. आणि खड्यांमध्ये चक्क दोन बोटं पाणी आहे! वरची माती कोरडी दिसायची म्हणून मी खाली कधी पाहिलंच नाही. वाकून वास घेतला तर कुबट वास येतोय.

ओलीमाती

मग ही मूळकूज. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा संपते, मुळं गुदमरतात आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू त्यांच्यावर पोसतात. कुबट वास त्यांचाच. पानं पिवळी दिसली की आपल्याला वाटतं झाड तहानलंय आणि आपण आणखी पाणी घालतो. चांगली काळजी घेणाऱ्या माणसांच्याच हातून हे जास्त होतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

पण माझ्या मते खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. जेड आणि एचेवेरिया पानांत पाणी साठवणारी झाडं. त्यांना दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण सुकलेली हवी. फिटोनिया आणि मॉस सतत ओलाव्यातले. एका वाडग्यात दोन तहानी एकत्र नांदत नाहीत. तुम्ही कितीही जपून पाणी घातलं असतं तरी कुणाचा तरी जीव गेलाच असता. परीबाग करताना आधी घर, पूल, पायवाट डोळ्यांसमोर येते. पण सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की बाग ओली की कोरडी.

जेड आजच वाचवा. मऊ भागाच्या वर स्वच्छ धारदार सुरीने कापा. कापलेला गाभा हिरवट-पांढरा आणि टणक दिसला पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. मग फांदी सावलीत उघडी ठेवा, चार-पाच दिवसांत काप सुकून खपली धरते. त्यानंतर जाड वाळू किंवा पर्लाइट (मातीत मिसळायचे हलके पांढरे दाणे) निम्म्याहून जास्त असलेल्या मिश्रणात खोचा आणि पहिला आठवडा पाणी अजिबात नको. एचेवेरियाची वरची पानं घट्ट असतील तर तिलाही असंच.

हिरवा कोपरा

खड्यांचा थर कमी पडला असेल. मी पाच बोटं घालते आणि वर कोळशाचा चुरा. निचरा चांगला होतो.

ओलीमाती

इथे थोडं थांबवतो, कारण हा समज फार पसरलाय. भोक नसलेल्या भांड्यात निचरा होऊन पाणी जाणार कुठे? शिवाय बारीक माती पाणी स्वतःत धरून ठेवते. ती पुरती भिजेपर्यंत पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. म्हणजे खड्यांच्या वरचा मातीचा थर सगळ्यात ओला राहतो आणि मुळं नेमकी तिथेच असतात. थर जितका जाड, तितकी मुळांना जागा कमी. काचेच्या भांड्यात खड्यांचा एकच खरा उपयोग, साचलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. त्यासाठी एक बोट पुरे. कोळसा थोडा वास शोषतो, कुजणं थांबवत नाही.

हिरवा कोपरा

हे मला नवीन आहे. माझ्या बागा टिकल्या त्या बहुधा मी चमच्याने पाणी घालते म्हणून. आणि माझी सगळी झाडं ओलाव्यातलीच आहेत, हे आत्ता लक्षात आलं.

मॉसवेडी

मॉसबद्दल मी सांगते, माझा जीव त्यातच आहे. मॉसला खरी मुळं नसतात. केसांसारख्या धाग्यांनी ते फक्त धरून बसतं, पाणी पानांतूनच घेतं. म्हणून खालची माती कितीही ओली असली तरी खोलीतली हवा कोरडी असेल तर ते सुकतं. नळाच्या जड पाण्यातले क्षारही पानांवर साठून टोकं तपकिरी होतात. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी फवारा. उघड्या भिंतीवरचं मॉस घरात आणलं की बऱ्याचदा रुळत नाही, त्याला बाहेरचा उजेड आणि खेळती हवा लागते. तपकिरी झालेलं लगेच टाकू नका, मॉस पुरतं वाळूनही पुन्हा हिरवं होऊ शकतं. एक तुकडा झाकणाच्या डब्यात ओलसर ठेवून तीन आठवडे वाट पाहा.

तुमच्या फिटोनिया जगल्यात, तर मी ओली बागच करा म्हणेन. काचेचा वाडगा त्यांच्यासाठीच आहे. 1829च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोष ओल्या पालापाचोळ्यासह बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंग राहिला बाजूला, त्या मातीतून एक नेचा (फर्न) आणि गवताचं पातं उगवलं. आतली वाफ काचेवर धरायची आणि पुन्हा खाली उतरायची. बाहेरून पाणी न घालता ती रोपं जवळपास चार वर्षं जगली. त्याच तत्त्वावर त्यांनी काचेच्या पेट्या केल्या आणि 1833मध्ये त्यांतून रोपं जहाजाने थेट सिडनीला पाठवली. तुमच्या वाडग्यावर काचेची ताटली अर्धवट झाकली तरी आतला ओलावा पुष्कळ टिकेल, मग फवारा रोज मारावा लागणार नाही. काच आतून सतत धुरकट दिसली तर ताटली काढून ठेवायची.

फिटोनियाच्या जोडीला सेलाजिनेला (मॉससारखं दिसणारं रोप), वेलफायकस (पसरणारा छोट्या पानांचा वेल), छोटा नेचा चालेल. वेलफायकस मात्र दर महिन्याला छाटावा लागतो, नाहीतर तो घरच गिळून टाकतो. संगमरवरी खडे काढा. ते चुनखडीचेच असतात आणि ओल्या मातीत सावकाश क्षारता वाढवतात, नेचा आणि मॉसला ते मानवत नाही. त्याऐवजी नदीतले करडे गुळगुळीत खडे घाला.

लाकूडकाम

घराविषयी. कच्च्या काड्या ओल्या मातीत टेकल्या की बुरशी येणारच. ती लाकडावर आणि डिंकावर जगते, झाडांवर सहसा जात नाही, त्यामुळे घाबरू नका. घर काढून कोरड्या ब्रशने साफ करा, दोन दिवस उन्हात ठेवा. मग सगळ्या बाजूंनी, विशेषतः काड्यांच्या कापलेल्या टोकांना, वॉटरप्रूफ वॉर्निशचे तीन पातळ हात द्या. वास पूर्ण जाईपर्यंत बागेत नको. आणि घर मातीवर न ठेवता चपट्या दगडावर ठेवा, जोत्यासारखं. माझी घरं दगडावर ठेवल्यापासून टिकायला लागली.

मापाचंही बघा. बाहुलीघरांचं नेहमीचं प्रमाण 1:12, त्यात उभा माणूस 14 सेंमीचा होतो. 30 सेंमीच्या वाडग्यात तो राक्षस दिसेल. 1:24 धरा, म्हणजे माणूस सात सेंमी, दार साडेआठ. दार, बाक, कुंपण सगळं त्याच मापात असू द्या. फिटोनियाच्या बारीक पानांच्या जाती मिळतात, त्या घराशेजारी खऱ्या झुडपासारख्या दिसतात.

धागाकर्ती

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, मनापासून आभार. चिलटांचं काय करू? आणि वाडगा आहे तिथेच ठेवू का?

ओलीमाती

चिलटांच्या अळ्या मातीच्या वरच्या थरात बुरशी आणि कोवळी मुळं खातात. अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवडे जातात, म्हणून उपाय महिनाभर नेटाने करावा लागतो, मध्ये सोडला की ती परत येतात. जुनी माती पूर्ण काढा. नव्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट जास्त, गांडूळखत मूठभरच. पिवळे चिकट कागद लावा म्हणजे उडणारी अडकतील. तरीही उरली तर बीटीआय नावाचा जिवाणू पाण्यात मिसळून घालतात, तो अळ्यांनाच मारतो.

जागा बदला. खिडकीपासून दोन मीटरवर उजेड फारच कमी असतो, डोळा सरावतो म्हणून आपल्याला जाणवत नाही. भर दुपारी वाडग्यावर फूटभर उंच हात धरा. सावलीच्या कडा पुसट पण ओळखू येण्याजोग्या असतील तर फिटोनियाला ठीक. थेट ऊन मात्र नको, काचेत झाडं शिजतात. जेडला वेगळ्या भोकाच्या कुंडीत, खिडकीच्या अगदी जवळ ठेवा.

धागाकर्ती, पाच आठवड्यांनी

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. वाडगा रिकामा करून धुतला, खड्यांचा एकच थर घातला, नवं मिश्रण भरलं. फिटोनिया, सेलाजिनेला आणि एक छोटा नेचा लावला. आता फवारा नाही, खड्यांतलं पाणी पूर्ण आटलं की तीन-चार चमचे. चिलटं जवळजवळ गेली. डब्यातल्या मॉसच्या एका कोपऱ्याला हिरवी टोकं आलीत! एचेवेरिया दोन्ही गेल्या. जेडची फांदी हलकेच ओढून पाहिली तर मातीने धरून ठेवली, म्हणजे मुळं आली असावीत. तिला पसरट कुंडीत लावून लेकीने खाली एक बाक ठेवलाय. ही म्हणे परीची कोरड्या गावची मावशी. दोन्हीकडे चिठ्ठ्या जातात.

एकच विचारायचं आहे. एक फिटोनिया उंच आणि विरळ वाढतेय. शेंडा खुडला तर चालेल का? लेक म्हणते, खुडलेलं फेकायचं नाही.

मॉसवेडी

खुडा, खालच्या पेरांतून दोन-दोन फुटवे येतील. आणि लेकीचं बरोबर आहे. खालची पानं काढून एक पेर पाण्यात बुडेल असा शेंडा छोट्या बाटलीत ठेवा, वरची पानं बाहेर. पाणी दर तीन दिवसांनी बदला. मुळं दोन बोटं लांब झाली की लावायचा. बाटली काचेचीच घ्या, म्हणजे तिला रोज मुळं बघता येतील.